वॉर्ड सोडणारी नर्स



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत वेगळाच विषय निघाला. गटातल्या एका ताईंनी लेकीच्या जीएनएमच्या फीसाठी गटातून कर्ज घेतलेलं. लेक तीन वर्षं शिकली, पास झाली, शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात आयसीयूत नर्स म्हणून लागली. दोन वर्षं हप्ते अगदी तारखेला येत होते. आणि आता लेक म्हणते, मला आयसीयू सोडायचंय. सहा महिन्यांचा कोर्स करून समुदाय आरोग्य अधिकारी व्हायचंय, गावच्या उपकेंद्रात बसायचंय, घरोघरी जायचंय.

ताई रडकुंडीला आल्या होत्या. "एवढी मशिनं हाताळायला शिकली, ते सगळं पाण्यात घालणार का? आणि लोक म्हणतील, हिला कामावरून काढलं म्हणून परत आली." कर्जाचे १६ हप्ते बाकी आहेत, म्हणून घरातला प्रश्न गटात आला. कुणी म्हणालं, पोरीच्या जातीला एवढं चंचल असून चालत नाही. आमच्या गटातल्या सगळ्यात वयस्कर आजी मात्र म्हणाल्या, "अगं वॉर्डच बदलतेय ना, नवरा तर नाही!" सगळ्या हसल्या, पण निर्णय काही झाला नाही.

मी सहयोगिनी. मला विचारलं, ताई, तुम्ही सांगा. मला तेव्हा काही सांगता आलं नाही. घरी आल्यावर एका बाईची आठवण झाली. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, पण आमच्या पुस्तकात राजे, तह आणि लढाया एवढंच. ही बाई मला पुस्तकाबाहेर भेटली. तिचं नाव लिलियन वाल्ड. अमेरिकेतली नर्स. शिकून बाहेर पडल्यावर दोनच वर्षांत तिनं दोनदा रस्ता बदलला. आज तिची गोष्ट सांगते.

लिलियनचा जन्म १० मार्च १८६७ चा, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी गावचा. वाढली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. घर ज्यू धर्माचं, जर्मनीकडून आलेलं, खाऊनपिऊन सुखी. सोळाव्या वर्षी तिनं व्हासार नावाच्या मुलींच्या कॉलेजात अर्ज केला, तर वय कमी म्हणून नाकारला. मग काही वर्षं तशीच गेली. बावीस वर्षांची असताना बहिणीच्या आजारपणात घरी एक शिकलेली नर्स आली. तिचं ते नेमकं, न गडबडता काम करणं लिलियननं पाहिलं आणि ठरवलं, आपल्याला हेच करायचंय. १८८९ साली ती न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत दाखल झाली आणि १८९१ साली पास होऊन बाहेर पडली.

पहिली नोकरी मिळाली ती अनाथ आणि वाया गेलेली ठरवलेली मुलं ठेवायच्या एका संस्थेत. तिथं ती वर्षभर राहिली. मुलांना जसं वागवलं जाई, ते तिला पटेना. एकटी नर्स संस्थेचा कारभार बदलणार कसा? नोकरी सोडली. मग वाटलं, नर्सच्या हातात काही नसतं, डॉक्टर झालं पाहिजे. १८९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात नाव घातलं. म्हणजे बघा, एका वर्षात नोकरी सोडली आणि नर्सिंगही सोडायला निघाली. आपल्याकडे एवढ्यावरच सोयऱ्याधायऱ्यांनी हिच्यावर शिक्का मारला असता.

तेव्हा न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात रशिया आणि पूर्व युरोपातून आलेली गरीब ज्यू कुटुंबं दाटीवाटीनं राहत होती. मुंबईच्या जुन्या चाळी डोळ्यांपुढे आणा. पाच-पाच, सहा-सहा मजले, अंधारे जिने, एका खोलीत आठ-दहा माणसं, त्यात भाड्यानं ठेवलेले पाहुणे. त्यातच खोलीत बसून कपडे शिवायचं काम. वर १८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली, कामं गेली. या वस्तीतल्या बायकांना आजाऱ्याची काळजी घरी कशी घ्यावी ते शिकवायचा वर्ग काढला होता. लिलियन कॉलेजात शिकता शिकता तिथं शिकवायला जाई. धर्म एक असला तरी या बायकांची बोली वेगळी, राहणी वेगळी. त्यांच्या गल्लीत पुढं काय आहे, हे ती तोवर फारसं बघायला गेलीच नव्हती.

मार्च महिना होता. बाहेर बुरबुर पाऊस. वर्गात त्या दिवशीचा धडा होता बिछाना कसा घालायचा याचा. चादर कशी ताणायची, आजारी माणसाला न हलवता खालची चादर कशी काढायची, असा. तेवढ्यात एक लहान पोरगी आली. तिची आई बाळंत झाली होती आणि बरी नव्हती. लिलियन तिच्यामागं निघाली. खड्ड्यांचे रस्ते, कचऱ्याचे ढीग, घाण साचलेले बोळ, मग तुटका जिना. वर दोन खोल्या. त्यात सात जणांचं कुटुंब आणि शिवाय भाडेकरू. बाप पायानं अधू, रस्त्यावर उभा राहून चार पैसे मिळवणारा. बाळंतीण अंथरुणावर पडलेली, आणि ते अंथरूण दोन दिवसांपूर्वी झालेल्या रक्तस्रावानं तसंच भरलेलं.

वर्गात बिछान्याचा धडा आणि इथं हा बिछाना. लिलियननं पुढं १९१५ साली पुस्तक लिहिलं, 'द हाउस ऑन हेन्री स्ट्रीट'. त्यात हा दिवस सविस्तर आहे. तिनं बाईला स्वच्छ केलं, अंथरूण बदललं, खोली आवरली. निघताना घरच्यांनी तिचे हात चुंबले. तिला त्याची लाजच वाटली. ती माणसं वाईट नव्हती, आळशी नव्हती. ज्या समाजात हे चालतं त्याचा आपणही एक भाग आहोत, असं तिच्या मनाला लागलं. तिनं मेडिकल कॉलेज सोडलं. पुन्हा गेली नाही.

या जागी मी नेहमी थांबते. आपल्याला वाटतं, डॉक्टर होणं वरचं आणि नर्स राहणं खालचं. मग वरचं सोडून खालचं कोण घेतं? पण तिनं जे घेतलं ते जुनं नर्सिंगही नव्हतं. दवाखान्यातल्या नर्सचं काम वेगळं, घरी जाणाऱ्या नर्सचं वेगळं. वॉर्डात पाणी गरम मिळतं, चादरी मिळतात, हाक मारली की डॉक्टर येतो. पेशंट आपल्या ताब्यात असतो. घरी गेलं की आपण पाहुणे. पाणी तापवायला सरपण आहे का इथून सुरुवात. बाळंतिणीला ताप आहे, पण त्याच खोलीत दुसरं पोर गोवरानं फणफणलंय, आणि नवऱ्याचं काम गेलंय म्हणून दूध बंद आहे. औषध द्यायचं की दूध आणायचं? वॉर्डात हा प्रश्न कुणी विचारत नाही.

लिलियननं बरोबर घेतली मेरी ब्रूस्टर. दोघी एकाच नर्सिंग शाळेतल्या. आधी एका सेवाभावी घरात राहिल्या, मग १८९३ सालीच जेफरसन स्ट्रीटवरच्या एका चाळीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर खोल्या घेतल्या. वस्तीत राहायचं, शेजारीण म्हणून राहायचं, हा त्यांचा हट्ट होता. पैसा दिला तो बेटी लोब या श्रीमंत बाईंनी आणि त्यांचे जावई, मोठे सावकार-बँकवाले जेकब शिफ यांनी. शिफसाहेब नुसते पैसे देऊन गप्प बसणारे नव्हते. लिलियन त्यांना दर महिन्याला हिशेबवजा पत्र पाठवी. कोणत्या घरी गेलो, कोण आजारी, काय दिलं, कुणाला दवाखान्यात हलवलं. आपल्या गटाच्या वह्या लिहिताना कंटाळा करणाऱ्या अध्यक्ष-सचिवांनी हे कान देऊन ऐकावं. ती पत्रं राहिली म्हणून त्या घरांची गोष्ट आज कळते.

दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, शिफ यांनी हेन्री स्ट्रीटवरचं २६५ नंबरचं घर घेऊन दिलं. तिथून हे काम 'हेन्री स्ट्रीट'च्या नावानं ओळखलं जाऊ लागलं.

त्यांच्या कामाच्या काही रीती मला फार शहाणपणाच्या वाटतात. एक म्हणजे नर्सला बोलावणं घरच्यांनी थेट पाठवायचं. डॉक्टरनं सांगितलं तरच नर्स येणार, असं नाही. सकाळी पोरगं धावत येऊन म्हणालं की आईला बरं नाही, की नर्स निघाली. दुसरं, धर्माचा प्रचार नाही. ज्यू, इटालियन, आयरिश, कुणाचंही घर असो. आणि तिसरं पैशाचं. ज्याला जमेल त्यानं थोडी फी द्यायची, ज्याला जमत नाही त्यानं नाही दिली तरी नर्स येणारच. लिलियनचं म्हणणं असं की चार पैसे देणारा माणूस हक्कानं बोलावतो, त्याला उपकाराचं ओझं होत नाही. हे आपल्याला नवं नाही. आपल्या गटात दरमहा बचत टाकणारी बाई बँकेत मान वर करून उभी राहते, ती यामुळंच.

चाळींचे जिने चढून-उतरून नर्सेसचे पाय दुखायचे. मग त्यांनी युक्ती काढली. एका इमारतीचं काम झालं की खाली उतरायचंच नाही; गच्चीवर जायचं आणि गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर. पायघोळ झगा, डोक्यावर टोपी, हातात औषधांची बॅग, आणि मधला कठडा ओलांडणारी नर्स, असा एक जुना फोटो आहे. मी तो आमच्या आशाताईंना मोबाइलवर दाखवला. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं गच्ची नाही, ओढा आहे. पावसाळ्यात आम्ही पण असंच लुगडं आवरून जातो."

इथं एक आपल्या घरची आठवण काढते. लिलियनचा जन्मदिवस १० मार्च, आणि आपल्या सावित्रीबाई फुले गेल्या त्याही १० मार्चलाच, १८९७ साली. पुण्यात प्लेग होता. मुलगा डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना उघडला होता, आणि सावित्रीबाई रोग्यांना तिथं आणत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या निघाल्या, त्यातच त्यांना प्लेगनं गाठलं. आयुष्यभर शिक्षिका म्हणून काम केलेली बाई, साठी उलटल्यावर रोग्यांच्या दारी गेली. त्याच वर्षी त्याच पुण्यात सरकारनं रोगी शोधायला घराघरांत गोरे सोजीर घुसवले होते. लोक रोग्याला माळ्यावर, धान्याच्या कोठीत लपवायचे. रोग एकच, घरही एकच. पण उंबऱ्याच्या आत कोण येतं आणि कसं येतं, यावर दार उघडायचं की लावायचं ते ठरतं. न्यूयॉर्कच्या नर्सेसकडेही शहराच्या आरोग्य खात्याचा बिल्ला होता. पण त्या आधी शेजारी राहायला गेल्या होत्या.

आता परत लिलियनकडे, कारण ती वाट तिच्यापुरती राहिली नाही. तिच्याकडं आलेल्या कित्येक नर्सेस दवाखान्यातलं काम सोडून आलेल्या होत्या. त्यातली एक लिना रॉजर्स. मूळची कॅनडाची, लहान मुलांच्या दवाखान्यात शिकलेली. त्या काळी शाळेत डॉक्टर तपासणीला येई आणि कुणाच्या डोक्यात उवा, कुणाला खरूज, गजकर्ण, कुणाचे डोळे आलेले दिसले की मुलाला घरी पाठवून देई. घरी पाठवल्यावर पुढं काय? काही नाही. मूल गल्लीत खेळत बसे, आणि संध्याकाळी शाळेतली मुलं त्याच्याबरोबरच खेळायला जात. लिलियन म्हणाली, एक महिना आमची एक नर्स घेऊन बघा. १९०२ च्या ऑक्टोबरात लिना रॉजर्सला चार शाळा दिल्या. ती शाळेतच मुलांचे डोळे धुई, मलम लावी, आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला उवा कशा काढायच्या ते करून दाखवी. महिन्याभरातच शहरानं आणखी नर्सेस घ्यायचं ठरवलं. १९०२ च्या सप्टेंबरात शाळेतून घरी पाठवलेली मुलं १० हजारांवर होती. वर्षानं, १९०३ च्या सप्टेंबरात, ती साधारण ११०० उरली. औषधं तीच होती, फक्त नर्सची जागा बदलली होती.

१९०६ मध्ये हेन्री स्ट्रीटनं एलिझाबेथ टायलर या काळ्या नर्सला कामावर घेतलं. गोऱ्यांच्या दवाखान्यांत तिच्यासारखीला सहसा दार बंद असे. तिच्यामुळं काळ्या लोकांच्या वस्तीत वेगळं केंद्र उभं राहिलं. १९०९ पासून एका मोठ्या विमा कंपनीनं आपल्या विमेदारांच्या घरी याच नर्सेस पाठवायला सुरुवात केली, कारण माणूस जगला तर कंपनीचा फायदा. (सरळ हिशेब आहे, आणि मला तो आवडतो.) १९१३ पर्यंत हेन्री स्ट्रीटकडे ९२ नर्सेस झाल्या. या कामाला 'पब्लिक हेल्थ नर्स' हे नाव लिलियननंच रूढ केलं. १९१२ मध्ये अशा नर्सेसची देशभराची संघटना झाली, तिची पहिली अध्यक्ष तीच. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत न्यूयॉर्क शहरातल्या नर्सेसची जमवाजमव तिच्याकडं होती. १ सप्टेंबर १९४० ला ती वारली.

एक गोष्ट मात्र गोष्टीच्या भरात विसरू नये. ही वाट बदलताना नुसती तळमळ पुरली नाही. दवाखान्यात शिकलेली नर्स घरी गेली की काही बाबतीत पुन्हा पहिलीत बसते, हे लिलियनला स्वतःच्या अनुभवावरून माहीत होतं. म्हणून तिनं खटपट केली आणि १९१० मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात या कामाचं खास शिक्षण सुरू झालं. आणि दुसरी गोष्ट, तिच्या मागं शिफसाहेबांची थैली होती, माहेर सुखवस्तू होतं. डोक्यावर हप्ता नव्हता. आपल्या लेकीच्या डोक्यावर आहे. तेव्हा "मनाचं ऐक, सगळं नीट होईल" असं मी कुणालाही सांगणार नाही.

आपल्याकडं ही वाट सरकारी मार्गानं आली. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात गावपातळीवर आजार होण्याआधीच पोचणाऱ्या आरोग्यसेवेवर भर होता. पुढं एएनएम आल्या, उपकेंद्रं आली. सपाटीवर ५ हजार लोकसंख्येला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजारांना एक. २००५ पासून आशाताई आल्या. आणि २०१८ नंतर उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आलं, ज्यासाठी जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना सहा महिन्यांचा कोर्स करून जाता येतं. आपल्या ताईंच्या लेकीला हवंय ते हेच. बीपी, साखर तपासायची, कॅन्सरची प्राथमिक तपासणी करायची, गोळ्या वेळेवर चालू राहतायत का बघायचं.

मी त्या मुलीला फोन केला. विचारलं, आयसीयूत त्रास आहे का? म्हणाली, "रात्रपाळ्या आहेत, पण त्यासाठी नाही सोडत. ताई, माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी पेशंटना अर्धांगवायूचा झटका आलेला असतो. नातेवाइकांना विचारलं की म्हणतात, बीपीची गोळी होती, बरं वाटलं म्हणून बंद केली. मी दोन वर्षं तेच वाक्य ऐकतेय. ते वाक्य जिथून येतं तिथं मला जायचंय." मी म्हटलं, आणि आयसीयूतलं शिकलेलं? ती म्हणाली, "कोण खरंच गंभीर आहे आणि कुणाला आत्ता गाडीत घालायला हवं, ते मला चेहरा बघून कळतं. उपकेंद्रात ते वाया जाईल का?"

मग मी तिला हिशेबाचं विचारलं. पद कंत्राटी आहे, हे तिला माहीत होतं. कोर्सच्या सहा महिन्यांत पूर्ण हप्ता जमणार नाही, हे तिनंच आधी सांगितलं. नाव लागलं नाही तर परत आयसीयूत जाईन, तिथं अनुभवी माणूस कमी पडतं, हेही बोलली. तिनं लपवाछपवी केली नाही, म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

परवाच्या बैठकीत मी लिलियनची गोष्ट सांगितली, आणि मुलीचा हिशेबही मांडला. दोन तास चर्चा झाली. दोघींचा विरोध कायम राहिला. त्यांचं म्हणणं, आज हिला सवलत दिली तर उद्या सगळ्या मागतील. तेही खोटं नाही. शेवटी ठराव झाला की सहा महिने फक्त व्याज घ्यायचं, मुद्दल सातव्या महिन्यापासून, आणि एखादा हप्ता चुकला तर आई जबाबदार. ठराव वहीत लिहिलाय, नऊ जणींच्या सह्या झाल्यात. आजींनी अंगठा न लावता सही केली, गेल्या वर्षीच शिकल्यात. ताईंची सही तेवढी राहिली आहे. त्या म्हणाल्या, लेक रविवारी येतेय, तिच्याशी एकदा बोलते आणि मग करते. पुढची बैठक ११ तारखेला आहे, वही माझ्याकडं आहे.